अंगठ्यावरचा चंद्र

"तोंड मीट! तोंड मीट आन् हात हालीव! तोंडानं घोटाया बसवलंय का तुला?"

आबा ओरडले तेव्हा मी खलापुढं बसलो होतो आणि माझी गोष्ट ऐन रंगात आली होती. आबा म्हणजे माझे वडील. त्यांचा आवाज असा की आमच्या परसात त्यांनी नुसतं खाकरलं तरी दोन कोसांवरच्या धर्मापुरीच्या जुन्या देवळावरची कबुतरं उडत. त्या सकाळी उडाली ती परळी ओलांडूनच बसली असणार. मी तोंड मिटलं. बत्ता पुन्हा फिरू लागला. ओसरीत बाजेवर पडलेली माझी बायको गोधडीआडून हसली, हसता हसता तिला खोकल्याची उबळ आली, आणि आबांचा सगळा राग जागच्या जागी बसला.

"हसवू नको रं तिला," ते हळू म्हणाले. "घोट गुमान."

घोटायचा होता पारा आणि गंधक. त्याचं औषध व्हायचं होतं, आणि ते औषध तिच्यासाठी होतं.

आमचं घर तसं शेतीवालं. ज्वारी, कापूस, दोन बैलजोड्या. पण आजोबांनी कुण्या बैराग्याची वर्षभर सेवा करून वैदकी घरात आणली. बैरागी हिमालयातून आला होता, त्याचं वय तीनशे वर्षं होतं आणि तो फक्त वारा खाऊन राहायचा, असं मी बाजारात सांगत असे. खरं तर तो गंगाखेडकडचा असावा आणि आजीच्या सांगण्याप्रमाणे एका बैठकीला आठ भाकरी खायचा. ते असो. त्याची विद्या आबांकडं आली. जुना ताप, छातीतला कफ, अंगात मुरलेलं दुखणं, काहीही असलं की लोक गाड्या जुंपून आमच्या दारात येत आणि रससिंदूर मागत. रससिंदूर म्हणजे लाल भुकटी. तिळाएवढी मधात चाटायची.

ती कशी व्हायची हे सांगतो, कारण आता आमच्या घरात ते करणारं कुणी उरलं नाही.

पारा पळपुटा. थेंब सांडला की त्याचे शंभर होतात, आणि शंभर पकडायला जावं तर ते जमिनीच्या भेगांत शिरून तुमच्याकडं बघत राहतात. आमच्या घरचा एक थेंब निसटला तो आबांनी बीडच्या वेशीवर गाठून धरला, असं मी आष्टीच्या बाजारात सांगितलेलं आहे आणि ऐकणाऱ्यांपैकी दोघांनी तो थेंब वाटेत पाहिल्याचं कबूल केलं होतं. गंधक अगदी उलटा. पिवळा, मठ्ठ, ठेवाल तिथं बसणारा आणि वासानं हैराण करणारा. पारा आधी लसणाच्या रसात घोटून, चौपदरी फडक्यातून गाळून साफ करायचा. गंधक तुपात वितळवून दुधात ओतायचा. मग दोघांना काळ्या दगडाच्या खलात घालून घोटायला बसायचं. आधी राखेसारखं होतं, मग काजळासारखं. चांदीसारखा पारा, हळदीसारखा गंधक, आणि दोघांचं मिळून काजळ! हे मी तीस वेळा पाहिलं आणि तीसही वेळा मला वाटलं, ही थाप आहे, आणि माझ्यापेक्षा चांगली आहे.

त्या काळ्या भुकटीला कज्जली म्हणायचं. हीच कज्जली बाटलीत भरून वाळूत तापवली की तिची वाफ वर चढते आणि बाटलीच्या गळ्याशी लाल होऊन बसते. काळं होतं तेच लाल होतं, बाहेरून काही घालावं लागत नाही.

"इख तेच आन् औषद तेच," आबा म्हणत. "मधी फकस्त मेहनत हाय."

मेहनत किती, तर चंद्र जाईपर्यंत. कज्जलीत पारा सुटा राहिला असेल तर तो उन्हात चमकतो. सुईच्या टोकाएवढा ठिपका. त्याला आबा चंद्र म्हणत. चिमूटभर कज्जली अंगठ्यावर घ्यायची, पाण्याच्या थेंबात चोळायची, आणि अंगठा उन्हात धरून चहूबाजूंनी फिरवून बघायचा. एक चंद्र दिसला तरी पुन्हा खलावर. चंद्राची कज्जली आगीवर चढवायची नाही, कारण ती पोटात गेली तर माणसाला आतून खाते, हा आमच्या घरचा कायदा. निजामसरकारचे कायदे आमच्या गावापर्यंत पोचायला महिने लागत, हा मात्र रोज लागू होता. दुसरा कायदा असा की घोटताना बोलायचं नाही, बोलणाऱ्याचा हात मंदावतो. तो एकट्या माझ्यासाठी केलेला होता. आबा स्वतः घोटत तेव्हा मोठमोठ्यानं अभंग म्हणत.

अडचण ही होती की आबांनाच चंद्र दिसेनासा झाला होता. नजर गढूळ झाली होती. हात असे कापत की पाण्याचा तांब्या तोंडाशी नेईपर्यंत निम्मा सदऱ्यावर सांडे. हिरड्यांवर निळसर काळी रेघ उठली होती, दात हलत होते, तोंडाला सारखी लाळ सुटायची, भाकरी कालवणात बुडवून मऊ करून खावी लागायची. आणि राग! पहिल्यापासून होताच, पण आता माशी बसली तरी तिच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. आम्ही म्हणायचो, वय झालं. आबा तेव्हा पंचावन्नचेही नव्हते.

म्हणून चंद्र बघायचं काम गेली चार वर्षं माझ्या बायकोकडं होतं.

मला त्यांनी कधी विचारलं नाही. "ह्येला इचाराल तर भर दुपारी अंगठ्यावर पुनव दाखवील," असं ते आल्यागेल्याला सांगत. त्यात चूक काही नव्हती. मी धर्मापुरी, तेलगाव आणि वर्षातून दोनदा पार आष्टीपर्यंत औषध घेऊन बाजार करायचो, आणि औषधापेक्षा गोष्ट जास्त वाटायचो. तेलगावचा तो म्हातारा ही माझी सगळ्यात गाजलेली गोष्ट. म्हाताऱ्याला तिरडीवर बांधून नेत होते, मी वाटेत भेटलो, तिळभर रससिंदूर त्याच्या ओठाला लावलं, तर म्हातारा तिरडीवरच उठून बसला आणि म्हणाला, "माझी चिलीम कुठाय बे?"

ही गोष्ट मी घरी येऊन सांगितली की माझी बायको भाकरी थापता थापता म्हणायची, "आवं, मागल्या बाजाराला त्यानं पानाचा डबा मागितलता. आन् तवा खांदेकरी चार व्हते, आता सहा झाले. मेल्यावर म्हाताऱ्याचं वजन वाढलं का काय?"

तिच्या ध्यानात सगळं राहायचं. माझ्या प्रत्येक थापेचं पहिलं रूप तिच्यापाशी जपलेलं असायचं. ती स्वतः मात्र खोटं बोलत नसे. बोलायचं नाही असं ठरवलं होतं असंही नाही, तिला ते येतच नसे, जसं कुणाला पोहता येत नाही. लग्न होऊन आली त्याच वर्षी गावचा पाटील घोडी विकत होता. गिऱ्हाईक आष्टीकडचं. हिला पाण्याची घागर घेऊन जाताना बघून त्यानं गमतीनं विचारलं, "काय वं बाई, घोडी कशी हाय?" हिनं पदर पुढं ओढून सांगितलं, "मागला डावा पाय टाकत न्हाई ती." पाटील आमच्याशी वर्षभर बोलला नाही. आबा मात्र त्या दिवसापासून तिला पोरी म्हणू लागले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला अंगणात बोलावून तिच्या अंगठ्यावर कज्जली ठेवली.

"बघ पोरी. काय चमकतंय का?"

"चमकतंय की मामंजी. दोन जागी."

आबांनी मान डोलवली आणि मला आणखी तीन दिवस घोटायला लावलं. तेव्हापासून तिनं न्हाई म्हटल्याशिवाय एकही बाटली आगीवर चढली नाही.

त्या वर्षी मार्गशीर्षात ती बाळंत झाली. मूल आलं ते रडलं नाही. यावर मला काही रचता येत नाही. नंतर तिला ताप आला तो गेला नाही. आबांनी काढे दिले, चाटणं दिली, माघ सरता सरता म्हणाले, आता रससिंदुराशिवाय इलाज नाही. आणि घरात रससिंदूर नव्हतं. शेवटची डबी मी आष्टीच्या बाजारात रिकामी करून आलो होतो. त्या दिवशी गर्दी फार जमली होती आणि म्हाताऱ्याला मी तिरडीवरून उठवून नाचायला लावलं होतं.

तेव्हा नव्यानं घोटायला बसलो. पूर्वी आबा आणि मी आळीपाळीनं घोटायचो. आता त्यांच्या हातात बत्ता ठरत नव्हता, म्हणून मी एकटा. सूर्य वर आला की सुरू, दिवे लागले की बंद. आबा शेजारी घोंगडीवर बसून माझ्या हाताकडं बघत, म्हणजे आवाज ऐकत. आवाज मंदावला की शिवी. दुपारी ऊन अंगणाच्या मध्यावर आलं की कज्जलीची चिमूट घेऊन आम्ही दोघं तिच्या बाजेपाशी जायचो. बाज उन्हाच्या कडेला ओढलेली असे.

"हायत मामंजी. लई हायत."

चौथ्या दिवशी, "पाच-सा हायत."

आठव्या दिवशी तिनं अंगठा फार वेळ फिरवला. तो अंगठा काठीसारखा झाला होता. "तीन," ती म्हणाली, आणि मग माझ्याकडं बघून, "तुमच्या म्हाताऱ्याला खांदेकरी किती, तीन का चार?"

"आता एकटाच चालत जातो तो," मी म्हणालो.

"तोंड मीट," आबा म्हणाले.

माझ्या तळहातांना फोड आले, फुटले, पुन्हा आले. मी चिंध्या गुंडाळल्या. चिंध्या काळ्या झाल्या. मी सांगतो म्हणून खोटं वाटेल, पण अकराव्या दिवशी बत्त्यापासून माझी बोटं सोडवायला मला दुसऱ्या हाताची मदत घ्यावी लागली, आणि दुसरा हातही बत्त्यावरच होता. बाजेवरून तिनं ते पाहिलं. मी हसून दाखवलं. ती हसली नाही.

त्या दुपारी आबा म्हणाले, "पोरी, बघ." तिला उठवून बसवावं लागलं. मी पाठीमागं बसलो, ती माझ्या छातीला टेकली. अंगातून तापाची धग येत होती. तिच्या अंगठ्यावर मीच कज्जली चोळली. तिनं अंगठा उन्हात धरला आणि फिरवला. तिच्या खांद्यावरून मलाही तो दिसत होता. नखाच्या कडेला एक चंद्र होता. लहान होता, पण उन्हात असा लखलखत होता की आंधळ्यालाही बोचावा.

तिची मान खाली वळली. ती आता अंगठ्याकडं बघत नव्हती. तिच्या पोटावर मी तिला सावरायला धरलेले माझे दोन्ही हात होते, ती त्या चिंध्यांकडं बघत होती.

"न्हाई मामंजी," ती म्हणाली. "आता एक बी न्हाई."

"न्हाई?"

"न्हाई."

"गेला चंद्र!" आबा ओरडले. देवळावरची कबुतरं पुन्हा उडाली असतील. त्यांनी कापऱ्या हातानं तिच्या डोक्यावरून बोटं मोडली, मग माझ्याही, जे त्यांनी मी रांगत होतो तेव्हापासून केलं नव्हतं. "पाडव्याला ही पान्याला जाईल बघ. घागर घिऊन जाईल!"

मी काही बोललो नाही.

यावर मी फार विचार केलेला आहे आणि फार कारणं जमवलेली आहेत. माझ्या हातांत जीव नव्हता. एवढासा ठिपका, आगीत जाईल, असं वाटलं. तिच्या तापाला आणखी चार दिवस परवडणार नाहीत असं वाटलं. आबा इतके खूश होते. तिला खोटं पाडायचं, तेही मी? ही सगळी कारणं खरी आहेत. पण मला माझा स्वभाव माहीत आहे. कुणीही न विचारता मी जन्मभर बोलत आलो, आणि जिथं एकच शब्द बोलायचा होता तिथं, मला विचारलं नव्हतं म्हणून, गप्प बसलो.

बाटली लागायची ती विलायती, बुडाला जाड. तालुकदारसाहेबाचा दौरा झाला की बंगल्याच्या खानसाम्याकडून रिकाम्या मिळायच्या. तिच्याभोवती चिखलात भिजवलेल्या कापडाच्या पट्ट्या गुंडाळायच्या, वाळवायच्या, पुन्हा गुंडाळायच्या, असे सात थर. नाहीतर काच आगीत टिकत नाही. पट्ट्या तिनं बाजेवर पडल्या पडल्याच आपल्या जुन्या लुगड्याच्या फाडून ठेवल्या होत्या. हिरवं लुगडं, लग्नातलं. मी म्हणालो, दुसरं फाड की. ती म्हणाली, "ह्येच मऊ हाय."

सकाळी उजाडायच्या आत चुलाण पेटवलं. मडक्यात वाळू, वाळूत गळ्यापर्यंत बाटली. आधी मंद आग, मग मध्यम, मग मोठी. गंधक बाटलीच्या तोंडाशी येऊन गोठतो, तोंड बुजलं की बाटली फुटते, म्हणून लोखंडाची तापलेली सळई घालून गळा मोकळा करत राहायचं. ते काम मी केलं. दिवसभर एक शब्द बोललो नाही. आबांना त्याचं नवल वाटलं, म्हणाले, "शिकला एकदाचा." दुपारनंतर बाटलीच्या तोंडाशी गंधकाची निळी ज्योत आली आणि विझली. आत वाकून बघितलं की तळ लाल दिसू लागला, उगवत्या सूर्यासारखा. आबांनी तोंड बंद करायला सांगितलं. गूळ-चुन्याचं बूच मी घातलं.

बाटली दुसऱ्या दिवशी थंड झाली. घासलेटात भिजवलेला दोरा पोटाभोवती बांधून पेटवला आणि ओलं फडकं गुंडाळलं. टक् असा आवाज होऊन बाटलीचे दोन तुकडे झाले. गळ्याशी लाल कड जमली होती, फार सुंदर. आबांनी ती बोटांनी चाचपून पाहिली, कारण लाल रंग त्यांना धुक्यासारखा दिसे. लाल कडेच्या वर, अगदी ओठाशी, राखाडी झाक होती, आणि त्या राखाडीत दोन-तीन ठिपके चमकत होते.

"कसं निघालं?" आबांनी विचारलं. पहिल्यांदाच मला विचारलं. तिला बाजेवरून उठवत नव्हतं म्हणून.

धोतराच्या सोग्यानं मी ती राखाडी झाक पुसली. "डाळिंबावानी," म्हणालो.

औषध तिनं सात दिवस मधात चाटलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, तोंडात तांब्याचा पैसा धरल्यासारखं लागतंय. पाचव्या दिवशी उशी लाळेनं ओली होऊ लागली. मी वाटीत पाणी घेऊन तिचं तोंड धुतलं तेव्हा ओठ मुडपून हिरड्या पाहिल्या. आबांच्या हिरड्या मी रोज पाहायचो, त्यामुळं मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

आबा बाहेर गेले होते. मी विचारलं, "कावून न्हाई म्हणलीस? व्हता ना चंद्र."

तिनं पदरानं तोंडाची लाळ पुसली. बोलायला तिला त्रास होत होता. मग म्हणाली, "आवं, चार वर्सं तुमच्यासंगं ऱ्हाईले. यवढं तरी शिकू नगं का?"

आणि हसली. ते हसू बघून मी तेलगावच्या म्हाताऱ्याची गोष्ट सुरू केली. यावेळी म्हातारा तिरडीवरून उठला तो घोडीवर बसला, आणि घोडीचा मागला डावा पाय बरा झाला, आणि पाटलानं आबांच्या पाया पडून... तिचे डोळे मिटले होते. मी तरी गोष्ट पुरी केली. तिनं खांदेकरी किती ते विचारलं नाही.

राहिलेली पुडी मी उकिरड्यात पुरली, आबांना सांगितलं, संपली. ती गेली तेव्हा पाडव्याला चार दिवस होते. आबा दारात बसून म्हणत होते, माझा हात चुकला, कुठंतरी आग चुकली, मध जुना व्हता, नक्षत्र वाईट व्हतं. एकेक गोष्ट काढत होते आणि स्वतःला दोष देत होते. एक गोष्ट मात्र त्यांनी काढली नाही.

त्यानंतर खल पालथा झाला. लोक येत, आबा हात हलवून परत लावत. माझे बाजारही थांबले. ज्वारी घेऊन कधी गेलो तर लोक म्हणत, सांगा की म्हाताऱ्याची गोष्ट. सुरुवात करायचो आणि खांदेकऱ्यांपाशी अडायचो.

पुढं एकदा आबांना गाडीत घालून मोमिनाबादच्या सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर उर्दू बोलणारा, भला माणूस. त्यानं आबांचे कापते हात पाहिले, हिरड्या पाहिल्या आणि विचारलं, धंदा काय. मी सांगितलं. तो म्हणाला, हा पारा आहे, चाळीस वर्षं श्वासातून गेलेला. मी त्याला बाजूला घेऊन तिची हकीकतही सांगितली, चंद्रासकट. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्याचं म्हणणं असं की तो ताप बाळंतपणातला, त्यातून फार थोड्या बायका वाचतात. औषधानं गेली की तापानं, हे आता कुणीच सांगू शकत नाही. त्यानं हे माझं समाधान व्हावं म्हणून सांगितलं. मी शुक्रिया म्हणालो.

परत येताना मला वाटलं, आबांना सांगावं. ते अजून स्वतःलाच दोष देत होते, आणि ते मला बघवत नव्हतं. तरी तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी दुपारी ते ओसरीत जेवत होते. तिची बाज तिथंच उभी करून ठेवलेली होती. त्यांनी कापऱ्या हातानं भाकरी कालवणात बुडवली आणि ती मऊ होण्याची वाट बघत बसले.

"आबा," मी म्हणालो, "तुमचा हात न्हाई चुकला. चंद्र व्हता. तिच्या अंगठ्यावर, नखाच्या कडंला. मी डोळ्यानं बघितला. तिला बी दिसला व्हता. माझे हात बघून ती न्हाई म्हणली. आन् मी बोललो न्हाई."

मी वाट बघत होतो की ते ओरडतील. देवळावरची कबुतरं उडावीत असं मला मनापासून वाटत होतं.

आबांनी भिजलेला घास तोंडात घातला, हिरड्यांनी सावकाश चावला, गिळला.

"तिनं बघितलं व्हतं," ते म्हणाले. "ती न्हाई म्हणली. म्हंजी न्हवता."